निघायची वेळ भरतीला विचारा

हिवाळ्यात उबदार किनाऱ्यांवर नेल्या जाणाऱ्या पक्षी-सहलींबद्दल वाचकांनी पाठवलेले काही प्रश्न. उत्तरं देणारी मी, अशा सहली नेणारी मार्गदर्शिका.

प्रश्न : ताई, जानेवारीतल्या एका किनारी सहलीचं पत्रक माझ्याकडे आलंय. चार दिवस, नऊ ठिकाणं, रोज पहाटे साडेपाचला निघायचं आणि 'दीडशे प्रजातींची हमी'. जंगलातल्या सहली मी बऱ्याच केल्यात, किनारा मात्र पहिल्यांदाच. नाव नोंदवू का?

थांबा जरा. आधी आयोजकांना फोन करा आणि एवढंच विचारा, की त्या चार दिवसांत भरती किती वाजता आहे. लगेच उत्तर आलं तर पुढचं बोला. 'भरतीचं काय, आपण पहाटेच जाणार' असं आलं, तर तुम्हाला सूर्योदय मात्र छान दिसेल.

जंगलात पहाट ही पक्ष्यांची वेळ, हे खरंच. चिखलावर चरणाऱ्या पक्ष्यांना मात्र सूर्याशी फारसं देणंघेणं नसतं. पाणी हटलं की खायचं, पाणी चढलं की कोरड्या जागी जाऊन थांबायचं. ओहोटी रात्री दोनला असेल, तर त्यांतले कितीतरी रात्री दोनला चरतात. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात आणि भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे चारही दिवस एकाच वेळी निघायचं ठरवलं, तर पहिल्या दिवशी साधलेली वेळ चौथ्या दिवशी अडीच तासांनी चुकते.

आता तिथी बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप आत येतं आणि ओहोटीला तितकंच लांब जातं. पूर्ण ओहोटीला पोहोचलात, तर पक्षी पार क्षितिजाजवळ आणि तुमच्या पुढ्यात नुसता चिखल. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, म्हणजे पाणी थोडंच चढतं-उतरतं. तेव्हा चिखल पुरता बुडतच नाही, त्यामुळे पक्षी जवळ यायलाही बांधील नसतात. मला आवडतात ते उधाणाच्या अलीकडचे-पलीकडचे दिवस, आणि त्यातही भरती पुरी होण्याआधीचे दोन-तीन तास. तुम्ही एका जागी बसून राहायचं. पाणी चढतं तसं त्यांचं ताट आखडत जातं आणि ते पावलापावलाने तुमच्याकडे सरकतात. आपण एक पाऊलही टाकायचं नाही. ऊन पाठीशी येईल अशी जागा आधीच हेरून ठेवणं हे मार्गदर्शकाचं काम.

भरती पुरी झाली की हे सगळे थवे विसाव्याच्या जागी जमतात. मिठागरांचे बांध, वाळूचे दांडे, खडक. मोजदाद करायची तर ती तिथे. आणि पाणी उतरू लागलं की उघडी पडणारी पहिली चिंचोळी पट्टी सोडू नका, कारण थांबून थांबून भुकेले झालेले पक्षी आधी तिथेच उतरतात.

नऊ ठिकाणांपैकी पाच तरी कापायला सांगा. राहिली हमी. पक्ष्यांनी कोणाला सही करून दिलेली मी अजून पाहिलेली नाही.

प्रश्न : मागच्या हिवाळ्यात गेलो होतो. प्रामाणिकपणे सांगतो, फ्लेमिंगो सोडले तर सगळे पक्षी करडे-तपकिरी आणि एकसारखे. मार्गदर्शक भराभर नावं सांगत होते, मी माना डोलावत होतो. हे मला कधी जमणार?

नावं विसरा आणि एक तासभर फक्त जेवणाची पद्धत बघा. हिवाळ्यात त्यांचे विणीचे रंग उतरलेले असतात. रंगावर विसंबलात की फसलात, पण खाण्याची तऱ्हा ऋतूप्रमाणे बदलत नाही.

चिखल्या बघा. आखूड चोच, मोठाले डोळे. चार पावलं धावतो, थबकतो, बघतो, टिपतो. तो डोळ्याने शिकार करतो. शेजारचा तुतवार किंवा डनलिन मान खाली घालून शिवणयंत्रासारखा चिखल टोचत सुटलेला असतो. त्याच्या चोचीच्या टोकाशी स्पर्श ओळखणाऱ्या पेशी असतात, त्याला वर बघायची गरजच पडत नाही. गॉडविट कपाळापर्यंत चोच खुपसतो. टर्नस्टोन दगड-शिंपले उलटवतो. सँडरलिंग लाटेच्या काठाने पुढे-मागे पळतो. वर वळलेल्या चोचीचा टेरेक सँडपायपर अंग खाली झुकवून खेकड्यांमागे वेड्यासारखा धावतो. या सहा तऱ्हा ओळखता आल्या की निम्मा किनारा तुमचा झाला.

उरलेला निम्मा कोणालाच पटकन होत नाही. पूर्वी आम्ही ज्या लहान चिखल्याला लेसर सँड प्लोव्हर म्हणायचो, त्याच्या पक्ष्यांच्या अलीकडच्या याद्यांमध्ये दोन जाती केल्या आहेत, सायबेरियन आणि तिबेटन. हिवाळी पिसाऱ्यात चाळीस पावलांवरून त्यांतला कुठला, हे छातीठोकपणे सांगणाऱ्यापेक्षा 'सँड प्लोव्हर' एवढंच म्हणून पुढे सरकणारा मार्गदर्शक मला जास्त विश्वासाचा वाटतो. प्रत्येक करड्या ठिपक्याला नाव चिकटवत जाणाऱ्याला एकदा विचारा, 'कशावरून?' चांगला असेल तर खूश होईल.

आणि करडे म्हणून कंटाळू नका हो. बारीक चोचीचा कुरल, स्लेंडर-बिल्ड कर्ल्यू, हासुद्धा असाच तपकिरी, नेहमीच्या कुरलापेक्षा थोडा लहान आणि फिकट. भूमध्य समुद्राच्या उबदार किनाऱ्यांवर हिवाळा काढायचा. त्याची शेवटची खात्रीची नोंद मोरोक्कोतल्या मेर्जा झेर्गा या खाजणातली, फेब्रुवारी 1995 ची. त्यानंतर लोकांनी वर्षानुवर्षं शोधलं. 2025 मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं. तेव्हापासून कुरलांचा थवा दिसला की मी एकेक पक्षी दुर्बिणीखालून घालते. काही मिळणार नाही हे माहीत असूनही.

प्रश्न : आमच्या मार्गदर्शकाने विसावलेला थवा मुद्दाम उठवला, 'पंखावरची पट्टी दिसली की जात कळते' म्हणून. फोटो अप्रतिम आले. पण मनाला बरं वाटलं नाही. माझं काही चुकतंय का?

तुमचं काहीच चुकत नाही. चुकलं त्यांचं, आणि तेही अगदी साफ. पट्टी बघायची असेल तर थांबावं. दहा मिनिटांत कोणीतरी पंख ताणतोच, नाहीतर एखादी घार येऊन तेच काम करते.

भरतीच्या वेळी स्वस्थ उभा असलेला थवा आळशी नसतो. खाल्लेलं पचवत असतो, चरबी साठवत असतो. हिवाळा संपता संपता लांब पल्ल्याच्या काही जाती आपलं वजन जवळपास दुप्पट करतात, कारण पुढे दिवसेंदिवस न थांबता उडायचं असतं. 2022 मध्ये अलास्काहून निघालेलं बार-टेल्ड गॉडविटचं एक पिल्लू, जेमतेम पाच महिन्यांचं, कुठेही न उतरता टास्मानियाला पोहोचलं. 13,560 किलोमीटर, अकरा दिवसांत! असा प्रवास ज्या चरबीवर होतो, ती आपल्या फोटोसाठी कोणी का जाळावी?

पुढच्या वेळी खूण लक्षात ठेवा. पाठीत चोच खुपसून झोपलेले पक्षी माना वर करू लागले, चरणारे चरायचे थांबून एका दिशेने चालू लागले, की आपण जास्त जवळ आलो. तिथेच थांबायचं आणि हळू मागे यायचं. मार्गदर्शक पुढे जात असेल तर त्याला सांगा, 'आम्हाला इथूनच बघायचंय.' पैसे तुम्ही दिलेत, तुमचं ऐकलं जातं.

प्रश्न : स्पॉटिंग स्कोप घ्यावा का?

तिकाटण्यावर ठेवायची ती मोठी एकनळी दुर्बीण? पहिल्या सहलीसाठी नको. गटाला एक असतो, आलटून पालटून बघा. स्वतःची दुर्बीण मात्र हवीच, 8×42 (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटरच्या भिंगाची) पुरते. ज्यांना स्कोप घ्यायचाच आहे त्यांनी साठपटीच्या आकड्याला भुलू नये. उबदार किनाऱ्यावर ऊन चढलं की चिखलावरची हवा थरथरू लागते आणि साठपटीवर पक्षी उकळताना दिसतो. काम होतं ते पंचवीस-तीसवरच.

प्रश्न : आईला न्यायचंय. वय एकाहत्तर, गुडघे दुखतात, पण पक्ष्यांचं वेड मला तिच्यामुळेच लागलं. झेपेल का?

झेपेल, जंगलापेक्षा सोपं जाईल. वर म्हटलं तसं, इथे बसणाऱ्यालाच जास्त दिसतं. आयोजकांना तीन गोष्टी विचारा : गाडी बांधापर्यंत जाते का, घडीची खुर्ची नेता येईल का, आणि स्वच्छतागृह किती अंतरावर. हा शेवटचा प्रश्न बायका विचारायला संकोचतात आणि मग दिवसभर पाणी पीत नाहीत. किनाऱ्यावर ते चालत नाही. ऊन वरून लागतं आणि पाण्यावरूनही. आईंना चिखलात मात्र उतरू देऊ नका, आणि तुम्हीही उतरू नका. दिसायला घट्ट असलेला चिखल गुडघ्यापर्यंत धरतो आणि मागून पाणी येत असतं.

प्रश्न : मी नववीत आहे. हे पक्षी थंडीत उबदार जागी येतात, मग बाराही महिने तिथेच का राहत नाहीत?

छान विचारलंस. उत्तरेकडच्या टुंड्रात उन्हाळा छोटा असतो, पण दिवस मावळतच नाही म्हटलं तरी चालेल. कीटक अमाप, जमीन मोकळी. पिल्लांना चोवीस तास जेवण मिळेल अशी दुसरी जागा नाही. अंडी घालायला तिकडे जायचं आणि बर्फ यायच्या आत परत फिरायचं. शिवाय थोडे मागे राहतातही. कितीतरी जातींची पहिल्या वर्षाची पोरं उन्हाळाभर दक्षिणेतच थांबतात, वीण नाही तर जायचं कशाला?

आणि एक पक्षी तर उलटाच आहे, तो तुला आवडेल. क्रॅब प्लोव्हर. काळा-पांढरा, जाड चोचीचा, त्याच्या कुळात तो एकटाच. तो थंडीच्या देशात जातच नाही. अरबी समुद्र, इराणचं आखात, तांबडा समुद्र यांच्या तापलेल्या किनाऱ्यांवर ऐन उन्हाळ्यात वाळूत बीळ खणून एकच पांढरं अंडं घालतो. बिळातली ऊब अंड्याला पुरते, त्यामुळे आईबापांना फारसं बसून राहावं लागत नाही. हिवाळ्यात ते कच्छच्या आखातात आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरही दिसतात, आणि मोठी झालेली पिल्लं तिथेही आईबापांमागे खेकड्यासाठी भुणभुण करत फिरतात.

प्रश्न : एका पक्ष्याच्या पायावर रंगीत पट्टी दिसली. काय करायचं?

ती अभ्यासकांनी ओळखीसाठी बसवलेली असते. फोटो काढा, धूसर आला तरी. कुठला पाय, गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, रंग कुठल्या क्रमाने, अक्षरं काय, हे तिथल्या तिथे लिहून घ्या. डावा म्हणजे पक्ष्याचा डावा, तुमचा नव्हे. एका पायावर उभा असेल तर दुसरा पाय खाली येईपर्यंत थांबा, त्यावरही कडी असू शकते. भारतात दिसला असेल तर नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. पट्टीचा रंग देशागणिक ठरलेला असतो, त्यामुळे पक्षी कुठे पकडून सोडला होता ते बहुतेक वेळा कळतं. उत्तराला वेळ लागतो, पण मागे लागून विचारत राहा.