वाचकांचे प्रश्न : प्रेस्टनचा महिला फुटबॉल संघ आणि १९२१ ची बंदी

प्रश्न : महिलांच्या फुटबॉलला प्रेक्षकच मिळत नाहीत, असे आमच्याकडे सर्रास बोलले जाते. शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमधील एका कारखान्याच्या महिला संघाचा सामना ५३ हजार लोकांनी पाहिला होता, असे ऐकले. हे खरे आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : होय, खरे आहे. तो संघ म्हणजे लँकेशायरमधील प्रेस्टन या गावचा ‘डिक, कर लेडीज’. डिक, कर आणि कंपनी हा मुळात रेल्वे इंजिने व ट्रामगाड्या बनवणारा कारखाना होता. पहिल्या महायुद्धात तेथे दारूगोळ्याचे काम सुरू झाले आणि आघाडीवर गेलेल्या पुरुषांच्या जागी शेकडो तरुणी कामाला लागल्या. जेवणाच्या सुट्टीत त्या आवारात चेंडू खेळत. १९१७ मध्ये त्यांनी कारखान्यातील पुरुषांशी एक सामना खेळला आणि तेथून रीतसर संघ उभा राहिला. ग्रेस सिबर्ट या कामगार महिलेने त्यात पुढाकार घेतला होता, तर कार्यालयातील आल्फ्रेड फ्रँकलंड यांनी व्यवस्थापनाची जबाबदारी उचलली आणि ती पुढे जवळजवळ चार दशके सांभाळली.

फ्रँकलंड यांची दृष्टी मोठी होती. युद्धामुळे पुरुषांच्या लीग स्पर्धा १९१५ पासून थांबल्या होत्या, म्हणून त्यांनी प्रेस्टन नॉर्थ एंड या नामवंत क्लबचे डीपडेल मैदानच भाड्याने घेतले. १९१७ च्या नाताळच्या दिवशी तेथे झालेला पहिला सामना सुमारे १० हजार लोकांनी पाहिला. डिक, करच्या मुलींनी तो ४-० असा जिंकला आणि त्याचे उत्पन्न जखमी सैनिकांच्या रुग्णालयाला गेले. आपण उल्लेख केलेला सामना १९२० च्या नाताळच्या सुट्टीत लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर सेंट हेलेन्सच्या महिलांशी झाला. मैदानात ५३ हजार प्रेक्षक होते आणि जागा न मिळाल्याने हजारो लोक दाराबाहेरून परत गेले. मुख्य आघाडीवीर फ्लॉरी रेडफर्ड यांची गाडी चुकल्यामुळे, एरवी बचावफळीत खेळणाऱ्या कर्णधार ॲलिस केल उत्तरार्धात आघाडीवर गेल्या आणि त्यांनी हॅट्‌ट्रिक साधली. क्लब संघांमधील महिला सामन्याचा हा गर्दीचा उच्चांक मार्च २०१९ मध्ये माद्रिद येथे मोडला गेला. तेव्हा प्रेक्षकांचे कारण पुढे करणाऱ्यांना आपण हा आकडा निःसंकोच सांगावा.

प्रश्न : या संघातील लिली पार यांनी हजारभर गोल केले, असे म्हणतात. त्या एकट्याच मोठ्या खेळाडू होत्या का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पार यांच्या गोलांची संख्या हजाराच्या जवळ गेली असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मात्र हे सामने बहुतेक मदतनिधीसाठी खेळले जात, कोणत्याही लीगच्या दप्तरात त्यांची नोंद होत नसे, म्हणून या आकड्याला अंदाज म्हणणेच योग्य ठरेल. पार यांची थोरवी त्या आकड्यावर अवलंबूनही नाही. १९०५ मध्ये सेंट हेलेन्स येथील कामगार कुटुंबात त्यांचा जन्म झाला, भावांबरोबर त्या फुटबॉल आणि रग्बी खेळल्या आणि १९२० मध्ये, अवघ्या किशोरवयात, प्रेस्टनच्या संघात दाखल झाल्या. उंचीने जवळजवळ सहा फूट, डाव्या पायाचा फटका अत्यंत जोरकस, आणि डाव्या बगलेवरून दिलेला चेंडू नेमका सहकाऱ्याच्या टप्प्यात पडणारा, अशी त्यांची ख्याती होती. त्या १९५१ पर्यंत खेळत राहिल्या. तेव्हा त्यांचे वय ४६ होते. चरितार्थासाठी त्या प्रेस्टनजवळच्या व्हिटिंगहॅम मनोरुग्णालयात परिचारिका होत्या, हे मला त्यांच्या गोलांइतकेच महत्त्वाचे वाटते, कारण कारकिर्दीतील बहुतेक सर्व वर्षे नोकरी सांभाळून आठवड्याच्या शेवटी प्रवासाला निघणे हाच या खेळाडूंचा क्रम होता.

त्या एकट्या मात्र मुळीच नव्हत्या. १९२१ या एका वर्षात रेडफर्ड यांनी पार यांच्यापेक्षाही अधिक गोल केले होते. जेनी हॅरिस यांची उंची पाच फुटांहून कमी होती, पण चेंडू खेळवत प्रतिस्पर्ध्यांना चुकवत जाण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. १९२० मध्ये ॲलिस मिलिया यांच्या नेतृत्वाखाली फ्रान्सचा महिला संघ इंग्लंडमध्ये आला. त्याच्याशी झालेला डीपडेलवरील पहिला सामना २५ हजार लोकांनी पाहिला. त्याच वर्षी प्रेस्टनच्या खेळाडूही फ्रान्सला जाऊन आल्या, आणि त्या भेटींतून झालेल्या मैत्रीमुळे कार्मेन पोमिएस या फ्रेंच खेळाडू पुढे प्रेस्टनच्या संघातूनही खेळल्या.

प्रश्न : इतकी लोकप्रियता असताना या खेळावर बंदी का आली? तसा कायदा झाला होता का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : कायदा झाला नव्हता. ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव करून, फुटबॉल हा खेळ स्त्रियांना सर्वस्वी अयोग्य असून त्यास उत्तेजन देऊ नये, असे मत नोंदवले आणि आपल्या संलग्न क्लबांना महिलांच्या सामन्यांसाठी मैदाने न देण्यास सांगितले. मोठी मैदाने जवळजवळ सगळी संलग्न क्लबांकडेच असल्यामुळे एवढा एक ठराव पुरेसा झाला. मदतनिधीतील मोठा वाटा खर्चात जातो, असाही आक्षेप ठरावात होता. प्रत्यक्षात खेळाडूंना सामन्यामागे दहा शिलिंग मिळत. कामावर खाडा करून गावोगाव खेळायला जाणाऱ्या कामगार मुलींनी पदरमोड करावी अशी अपेक्षा ठेवता येणार नाही, असे केल यांनी तेव्हाच जाहीरपणे सांगितले होते. लिव्हरपूलच्या त्या एका सामन्यातून तीन हजार पौंडांहून अधिक रक्कम उभी राहिली होती. १९२१ मध्ये संकटात सापडलेल्या खाणकामगारांच्या कुटुंबांसाठीही महिला संघ खेळले. असे असताना काही डॉक्टरांनी दिलेली, स्त्रियांच्या शरीराला हा खेळ पेलवत नाही अशी मते उचलून धरली गेली. माझ्या मते हा निर्णय सरळसरळ अन्यायाचा होता. पुरुषांच्या स्पर्धा पुन्हा सुरू झाल्या होत्या आणि महिलांच्या सामन्यांना होणारी गर्दी फुटबॉलच्या कारभाऱ्यांना रुचत नव्हती, हे कारण त्यामागे असावे असे मानण्यास जागा आहे.

त्या वेळी इंग्लंडमध्ये महिलांचे सुमारे दीडशे संघ होते. मैदाने गेली तसे त्यांतील बरेचसे विरत गेले. प्रेस्टनचा संघ मात्र टिकला. १९२२ मध्ये त्या खेळाडू बोटीने अटलांटिक ओलांडून गेल्या. कॅनडात खेळण्यास त्यांना मनाई झाली, तेव्हा त्यांनी अमेरिकेत पुरुषांच्या संघांशी सामने खेळले आणि त्यांतील काही जिंकलेही. १९२६ मध्ये फ्रँकलंड यांचे कारखान्याच्या नव्या मालकांशी बिनसले, संघ स्वतंत्र झाला आणि ‘प्रेस्टन लेडीज’ या नावाने खेळू लागला. त्यानंतर आधार उरला तो सार्वजनिक बागांचा आणि असोसिएशनशी संबंध नसलेल्या मैदानांचा. त्याही स्थितीत, प्रचलित नोंदींनुसार, क्लबने एकूण ८३३ सामन्यांपैकी ७५९ जिंकले आणि केवळ २८ गमावले.

प्रश्न : संघ कधी बंद झाला? आज त्याची काही खूण उरली आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : खेळाडू मिळेनाशा झाल्यामुळे १९६५ मध्ये संघ बंद झाला, आणि बंदी उठली ती त्यानंतर काही वर्षांनी. पार १९७८ मध्ये निवर्तल्या. २००२ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल गौरवदालनात स्थान मिळालेल्या त्या पहिल्या महिला होत. मँचेस्टरच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयात २०१९ पासून त्यांचा पुतळा आहे, तर डीपडेल मैदानावर २०१७ मध्ये, म्हणजे पहिल्या सामन्याच्या शताब्दी वर्षात, संघाचे स्मारक उभारले गेले. शिवाय १९६१ मध्ये वयाच्या तेराव्या वर्षी या संघातून खेळू लागलेल्या शीला पार्कर या नोव्हेंबर १९७२ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या अधिकृत महिला संघाच्या कर्णधार झाल्या. स्कॉटलंडविरुद्धचा तो सामना इंग्लंडने ३-२ असा जिंकला.