खेळातून आणि रोजच्या जगण्यातून मुलांना ख्रिस्ती श्रद्धा शिकवता येते, की ते ओढूनताणूनच होतं?

तुम्ही लिहिलंय की बारा ते चौदा वर्षांच्या मुलांना धर्मशिक्षण देता, क्रिकेट-फुटबॉलची उदाहरणं देऊन पाहिलीत आणि मुलं एकमेकांकडे बघून हसली. हसू द्या. माझ्या वर्गात याहून वाईट झालंय.

मी मालवण तालुक्यातला. आठवडाभर होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो आणि रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, तासभर पोरांना शिकवतो. आमच्याकडची जुनी माणसं या वर्गाला अजून दोतोर्न म्हणतात. पहिल्याच वर्षी मी मोठ्या हौसेने फळ्यावर तक्ता काढला होता. येशू कॅप्टन, पवित्र आत्मा कोच, बायबल म्हणजे नियमांचं पुस्तक, सैतान समोरचा संघ. एका पोराने हात वर केला. "सर, पंच कोण?" मी बेधडक म्हटलं, देवबाप. "म्हणजे पंच आपल्याच कॅप्टनचो बापूस? मगे ही चीटिंग झाली!" पुढची दहा मिनिटं वर्ग माझ्या हातात नव्हता.

पोराचं काही चुकलं नव्हतं. मी खेळाच्या प्रत्येक खुंटीला एकेक धर्मतत्त्व टांगायला गेलो होतो.

संत पौल असं करत नाही. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा नववा अध्याय काढा, २४ ते २७ ही वचनं. शर्यत, मुष्टियुद्ध, नाशवंत मुकुट, सगळं तिथे आहे. करिंथ शहराजवळ इस्थमिया इथे दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत. जिंकणाऱ्याला सोनं-चांदी नाही, पाइनच्या डहाळ्यांचा किंवा वाळलेल्या सेलरीचा मुकुट मिळे. पौल त्या शहरात दीड वर्ष राहिला होता, तंबू शिवून पोट भरत होता. त्याने 'नाशवंत' म्हटलं तेव्हा ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कुणाच्या तरी घरात टांगलेला, पानं गळलेला खराखुरा मुकुट आला असणार. आणि एवढ्या सामानातून पौल सांगतो एकच गोष्ट: खेळाडू एका पाल्यासाठी शरीराला इतकं वळण लावतो, तर आपण किती लावावं? संपलं. पंच कोण, प्रेक्षक कोण, तो विचारतही नाही आणि सांगतही नाही.

मी तेव्हापासून एक पथ्य पाळतो. एका वेळी एकच सांधा जोडायचा, आणि तोही मुलांच्या अंगवळणी पडलेल्या गोष्टीशी. आमच्या पोरांनी फुटबॉल पाहिलाय तो मोबाइलवर. कबड्डी त्यांच्या गुडघ्यांवर आहे, खरचटलेली.

तर कबड्डी. वचन सांगायच्या आधी मी त्यांना चर्चच्या मागच्या अंगणात वीस मिनिटं खेळवलं. बाद झालेला गडी बाहेर जाऊन बसतो, हे तुम्हाला माहीत असेलच. आपल्या चढाईवाल्याने समोरचा गडी मारला की बाहेरचा एक आत येतो, ज्या क्रमाने बाद झाले त्या क्रमाने. याला आमच्याकडे लहान-थोर सगळे एकच शब्द वापरतात: 'जिवंत झालो'. जुन्या हुतुतूत या प्रकाराचं नावच संजीवनी होतं. दुसरा प्रकार गामिनी, त्यात बाद झालेला परत येतच नसे, अख्खा संघ बाद होईपर्यंत बसून राहायचं.

खेळ थांबवून मी एकाला विचारलं, "तू मघाशी बाद झालेलास ना? मग आत कसो इलंस?"

"तेनी गडी मारल्यान म्हणून."

"तू काय केलंस?"

"मी? मी बसान होतंय."

मग मी इफिसकरांच्या पत्रातलं २:८ वाचलं: कृपेने तुमचं तारण झालं आहे, हे तुमच्या हातून झालेलं नाही, हे देवाचं दान आहे. दोनदा वाचलं आणि पुस्तक मिटलं. कृपा हा शब्द मी त्यांना आधी चार वर्षं समजावत होतो, व्याख्येसकट. त्या दिवशी व्याख्या लागली नाही. एक मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, "पण सर, येशू चढाईक गेलो आणि पकडलो गेलो. दम तुटलो तेचो. तरी बाहेरचे जिवंत कशे झाले?" मी गप्प. कबड्डीच्या नियमात हे बसतच नाही, चढाईवाला पकडला गेला तर उलट समोरच्यांचा गडी जिवंत होतो. तिने सांधा जिथे निखळतो तिथे बरोबर बोट ठेवलं होतं, आणि शुभशुक्रवारची, म्हणजे येशूच्या क्रुसावरच्या मरणाची, खरी गोष्ट तिथेच सुरू होते. मी म्हटलं, तोच प्रश्न घेऊन घरी जा.

(बोनसचा गुण मिळतो पण त्याने कुणी जिवंत होत नाही, यावरही एक झकास धडा होईल असं मला लगेच सुचलं होतं. बघा, वाहवत जायला वेळ लागत नाही. सांगितला नाही.)

आता दुसरी गोष्ट, आणि तुमच्या प्रश्नाचं माझ्या दृष्टीने खरं उत्तर इथे आहे. खेळाची उदाहरणं देताना आपण नेहमी जिंकलेल्यांकडे जातो. अमक्याने प्रार्थना केली आणि शेवटच्या चेंडूवर षटकार बसला. पण समोरच्या संघातही कुणीतरी प्रार्थना केलेली असते, कदाचित त्याच चर्चमध्ये, दोन बाक मागे. हे मुलांना आपल्याआधी कळतं. म्हणून मी त्यांना माझ्या एका जिंकण्याची गोष्ट सांगतो.

नव्वदच्या दशकातला कबड्डीचा एक रात्रीचा सामना. मातीचं मैदान, चुन्याच्या रेषा, बांबूंवर बांधलेले हॅलोजन आणि त्यांच्याभोवती किडे. मी कव्हरला. शेवटची चढाई, आम्ही एका गुणाने पुढे. शेजारच्या गावचा पोरगा आत आला, उजवीकडे वाकला आणि परत वळताना त्याच्या बोटाचं टोक माझ्या करंगळीला लागलं. नुसतं लागलं, मांजराची शेपटी लागावी तसं. त्याने हात वर केला. पंचांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात पसरले, 'खंय? काय नाय.' पंचांनी मान हलवली, शिट्टी झाली, आमच्या पोरांनी मला खांद्यावर घेतलं. त्या पोराने येऊन माझा हात हातात घेतला, नेमका तोच हात, आणि काही न बोलता गेला.

अकरा वर्षांनी एका लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासकाळात, कुमसाराला म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली द्यायला बसलो असताना ते तोंडातून बाहेर पडलं. मला वाटलं, फादर हसतील आणि दहा 'नमो मरिया' देऊन सोडतील. ते म्हणाले, "तो माणूस जिवंत आहे ना? मग मला काय सांगतोस, त्याला जाऊन सांग." मी आठवडा काढला. मग सायकल काढली. तो अंगणात माडाला टेकून जाळं सांधत बसला होता, केस पांढरे व्हायला लागलेले. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. त्याने मान वर न करता गाठ मारली, दाताने धागा तोडला आणि म्हणाला, "माका तेवाच म्हायत होता. बस, चाय घे."

पोरांना हे सांगून झालं की मी योहानाच्या शुभवर्तमानातला कोळशाचा विस्तव दाखवतो. तो दोनदाच येतो. अठराव्या अध्यायात मुख्य याजकाच्या वाड्यात, जिथे शेकत उभा राहून येशूचा शिष्य पेत्र, 'तू त्याच्या शिष्यांपैकी ना?' असं विचारल्यावर, 'मी नाही' म्हणतो. आणि एकविसाव्या अध्यायात, सरोवराच्या काठावर पहाटे, जिथे येशूने त्यावर मासे भाजायला ठेवलेत. पेत्राने नाकारलं तीनदा, येशूने विचारलंही तीनदा: 'माझ्यावर प्रीती करतोस का?' आणि त्याआधी, 'या, न्याहारी करा.' चहाचा कप हातात धरून बसलो होतो तेव्हा मला हे सुचलं नव्हतं, खोटं कशाला सांगू. त्या वेळी फक्त घाम फुटला होता. सुचलं नंतर, दोन-तीन वर्षांनी, वर्ग घेताना.

मुलं दर वर्षी एकच विचारतात, "सर, सामन्यात जिंकलेलो कप परत दिलास?" नाही दिला. तो मंडळाचा होता. अजून मंडळाच्या कपाटात आहे.

एरिक लिडेलचं उदाहरण तुम्हाला कुणीतरी देईलच: १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारी धावायचं नाही म्हणून १०० मीटरची शर्यत सोडली आणि ४०० मीटरमध्ये ४७.६ सेकंदांत सुवर्ण घेतलं. चांगलंच आहे. पण मुलांना त्यातून एवढंच कळतं की देवाचं ऐकलं की दुसरं पदक मिळतं. मी त्याची पुढची गोष्ट सांगतो. हा माणूस पुढे चीनमध्ये मिशनरी झाला, युद्धात जपान्यांच्या नजरकैदेच्या छावणीत अडकला. तिथली पोरं रविवारी हॉकी खेळायची आणि पंच नसल्यामुळे मारामाऱ्या करायची. रविवारी खेळाला हात न लावणारा लिडेल आपला नियम बाजूला ठेवून त्यांचा पंच झाला. १९४५ च्या फेब्रुवारीत तो त्याच छावणीत वारला. नियम कुणासाठी पाळला आणि कुणासाठी मोडला, यावर आमच्या वर्गात अर्धा तास भांडण झालं. मी मध्ये पडलो नाही.

रोजच्या जगण्याबद्दल विचारलंत, तर किनाऱ्यावर राहणाऱ्याला शोधायला कुठे जावं लागत नाही. मत्तय १३:४७ मध्ये स्वर्गाचं राज्य समुद्रात टाकलेल्या जाळ्यासारखं आहे असं येतं. मूळ ग्रीकमध्ये इथे नुसतं साधं जाळं नाही, 'सगेने' आहे, म्हणजे ओढून काठाला आणायचं लांबलचक जाळं. हा शब्द नव्या करारात एवढ्या एकाच ठिकाणी येतो. आमच्या भाषेत सांगायचं तर ती रापण. होडीतून अर्धगोल टाकलेली, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, दोन्हीकडची माणसं टाचा वाळूत रुतवून उलट्या पावलांनी ओढत हळूहळू एकमेकांजवळ येतात. तळव्यांची सालं निघतात. जाळं वाळूत आलं की मग सगळे खाली बसतात आणि निवडतात: पेडवे, बांगडे, सौंदाळे टोपल्यांत, आणि फुगलेलं केंड (हा मासा खात नाहीत), प्लास्टिकच्या पिशव्या, कुणाची तरी चप्पल बाजूला.

एकदा आमची पोरं एका मुलाला खेळायला घेईनात. तो मिस्साला येत नाही, त्याचा बाप पितो, वगैरे. मी त्या रविवारी काहीच बोललो नाही, पुढच्या शनिवारी सगळ्यांना रापणीला नेलं, त्यालाही. ओढताना एकाला जाळ्यात केंड दिसलं, तो दोर सोडून तिकडे धावला. रापणीवरच्या आजोबांनी त्याला अशी शिवी घातली की इथे लिहिता येणार नाही. "निवडूचा मागसून! आधी ओड!" रविवारी मी मत्तयाची ती वचनं वाचली. निवडणारे देवदूत आहेत, आणि तेही युगाच्या शेवटी, असं ४९ व्या वचनात आहे. तेवढंच वाचलं. त्या मुलाचं नाव कुणी घेतलं नाही. पुढच्या खेपेला तो डाव्या कोपऱ्याला उभा होता, आणि पकड त्याची वाईट नाही.

कलमाचंही एक आहे. रोमकरांच्या अकराव्या अध्यायात पौल रानटी जैतुनाची फांदी चांगल्या झाडावर कलम करतो. आमच्या गावच्या कलमं बांधणाऱ्या म्हाताऱ्याने ते ऐकून डोकंच धरलं: "उलटा! रायवळाच्या खुंटार हापूस बांदतत, हापुसार रायवळ कोण बांदीत?" मी त्याला २४ वं वचन वाचून दाखवलं, पौल स्वतःच तिथे कबूल करतो की हे निसर्गाच्या उलट आहे. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मगे देवाक आंब्याचो धंदो परवडूचो नाय."

तुमची मुलं कुठली, शहरातली की गावातली, ते लिहिलं नाहीत. शहरातली असतील तर रापण सोडा, लोकलचा डबा, गच्चीवरचं बॉक्स क्रिकेट, जे त्यांच्या अंगावर आहे ते घ्या. आणि जमलं तर नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला की त्यांना घेऊन इकडे या. दोर ओढायला माणसं नेहमीच कमी पडतात. चपला वर वाटेतच काढून ठेवायच्या, अंगावर जुने कपडे, आणि पहाटे पाचला किनाऱ्यावर. ओढणाऱ्याला वाटा मिळतो, पेडवे तर नक्कीच. बांगडा त्या दिवशीच्या समुद्रावर.