पाळक व्हायचे आहे, तर सेमिनरीत थेट जावे का?

सलाम. तुमचा प्रश्न इतरांसाठी थोडक्यात पुन्हा मांडतो. तुमचे वय २४, बी.कॉम. झालेले, नगर जिल्ह्यातले, घराणे चार पिढ्यांपासून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट चर्चच्या मंडळीत (स्थानिक ख्रिस्ती समुदायात). पाळकीय सेवेसाठी आपल्याला पाचारण, म्हणजे देवाचे बोलावणे, आहे असे तुम्हाला वाटते. सेमिनरीत, म्हणजे पाळकांना घडवणाऱ्या शिक्षणसंस्थेत, थेट जावे, की नोकरी सांभाळून घरबसल्या कोर्स केला तरी दीक्षा (पाळकपदाचा विधिवत अधिकार) मिळते, हे तुम्हाला विचारायचे आहे. आणि घरचे विचारतात, खाणार काय?

मी याच चर्चमध्ये पाळक म्हणून सेवा केली, बहुतेक खेड्यांत आणि तालुक्याच्या गावी. शेवटच्या काही वर्षांत सेमिनरीतून बाहेर पडलेली मुले-मुली उमेदवारीसाठी माझ्याकडे पाठवली जात. त्यांच्याकडे बघून माझे मत पक्के झाले आहे. सेमिनरीत जरूर जा. नीट शिका, ग्रीक-हिब्रूला घाबरू नका. पण या जूनमध्ये जाऊ नका. एक वर्ष आपल्याच मंडळीत, आपल्या पाळकसाहेबांच्या हाताखाली काढा आणि मग अर्ज करा.

याला पहिले कारण व्यवहाराचे आहे. आपल्या चर्चमध्ये पाचारण हे एकट्याचे प्रकरण नसते. तुम्हाला आतून काही वाटते ही सुरुवात झाली. मंडळीलाही तसे वाटले पाहिजे, मग पास्टोरेट कमिटीची, म्हणजे मंडळीच्या कारभारी समितीची, शिफारस, पाळकांचे पत्र, बिशपांपुढची मुलाखत, असे ते पुढे सरकते. धर्मप्रांताने (बिशपांच्या हाताखालच्या विभागाने) पाठवलेला उमेदवार आणि स्वतःच्या खर्चाने शिकायला गेलेला विद्यार्थी यांत मोठा फरक आहे. दोघांना पदवी एकच मिळते. पण पदवी म्हणजे दीक्षा नव्हे, आणि ज्याला कुणी पाठवलेलेच नाही त्याला परत आल्यावर कोणत्या मंडळीत ठेवायचे हा प्रश्न कोणत्याही बिशपांना पडतो. हातात पदवी घेऊन वर्षानुवर्षे नेमणुकीची वाट पाहणारी चांगली मुले मी पाहिली आहेत. म्हणून पत्र आधी, प्रवेश नंतर. मंडळीने तुम्हाला वर्षभर काम करताना पाहिलेले असले की ते पत्र मनापासून लिहिले जाते.

आता अभ्यासक्रमाचे. तुमच्यासारख्या पदवीधराला बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) साधारण चार वर्षांचे असते, बारावीनंतर गेलेल्यांना त्याहून थोडे जास्त. ही पदवी सेरामपूरच्या सिनेटची, म्हणजे पदव्या देणाऱ्या मंडळाची. आपल्या श्रीरामपूरशी गल्लत करू नका, हे बंगालमधले, हुगळीच्या काठचे. विल्यम कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी १८१८ साली तिथे कॉलेज काढले. तेव्हा ते गाव डेन्मार्कच्या ताब्यात होते, म्हणून १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने पदव्या देण्याची सनद दिली, आणि आजही भारतभरच्या सेमिनऱ्यांना त्याच अधिकाराने पदव्या मिळतात. याच कॅरींनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले आणि १८११ मध्ये मराठी नवा करार, हे आपल्या लोकांना ठाऊक असायला हवे. पुण्यात दोन मोठ्या संस्था आहेत. एक युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी, महाराष्ट्रातल्या चर्चेसनी मिळून चालवलेली. दुसरी युनियन बिब्लिकल सेमिनरी. ती १९५३ पासून यवतमाळला होती, १९८३ मध्ये बिबवेवाडीला आली. तिथे देशभरातले विद्यार्थी असतात, ईशान्येकडचे पुष्कळ. कोठे जायचे ते धर्मप्रांत सांगेल, पण दोन्ही ठिकाणी आधी एकदा जाऊन, तिथल्या मराठी विद्यार्थ्यांशी बोलून या.

जुना करार, नवा करार, चर्चचा इतिहास, ईश्वरविज्ञान (थिऑलॉजी), इतर धर्मांचा अभ्यास, नीतिशास्त्र, उपासनाविधी, उपदेशकला, समुपदेशन असे विषय असतात. बायबलची मूळ भाषा शिकावी लागते. काहींना हे कोरडे वाटते, मला कधी वाटले नाही. एक उदाहरण देतो. दलितांच्या अनुभवातून ख्रिस्ती श्रद्धेचा विचार करणाऱ्या दलित ईश्वरविज्ञानाची मांडणी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी केली. नगर, जालना, औरंगाबाद भागातल्या आपल्या मंडळ्यांतली बहुसंख्य घराणी गावकुसाबाहेरून आलेली आहेत. आपल्या पणज्याने बाप्तिस्मा का घेतला, त्याने काय सोसले, आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीच्या सवलती का मिळत नाहीत, हे सगळे प्रश्न तुम्ही पाळक झालात की रविवारी उपासनेनंतर लोक तुमच्या हाताला धरून विचारणार आहेत. त्यांचे उत्तर द्यायला भावना पुरत नाही, अभ्यास लागतो.

तरीही आधी एक वर्ष मंडळीत राहा असे का म्हणतो? कारण सेमिनरी उत्तरे भरपूर देते, प्रश्न मात्र तुम्ही बरोबर न्यावे लागतात. जो मुलगा लोकांची घरे पाहून गेलेला असतो, त्याला वर्गातले प्रत्येक पान कुणाची तरी आठवण करून देते. जो तसाच जातो तो उत्तम गुण मिळवतो आणि परत येऊन चाळीस मिनिटांचा उपदेश असा करतो की मागच्या बाकावरच्या शेतमजूर बायांना त्यातले एक वाक्य घरी नेता येत नाही. त्यात त्याचा दोष नाही. शिकणे इंग्रजीत झालेले असते, वही इंग्रजीत असते, आणि कुणी त्याला सांगितलेले नसते की हेच आता कांद्याच्या भावाची चिंता घेऊन आलेल्या माणसाला सांगायचे आहे. आपल्याकडे यासाठी फार चांगला वारसा आहे. कृष्णराव सांगळे यांनी नगरला ख्रिस्ती कीर्तन उभे केले. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पुढे नगरच्या सेमिनरीत शिकवू लागले, आणि अभंग-ओवीच्या वळणाची त्यांची गीते आजही आपण दर रविवारी गातो. सेमिनरीत असताना रोज अर्धा तास मराठी संतवाङ्मय मोठ्याने वाचत जा. त्याचे गुण मिळणार नाहीत, पण मंडळीला त्याचा फायदा तुमच्या निवृत्तीपर्यंत होत राहील.

त्या वर्षात करायचे काय, ते सांगतो. पाळकसाहेबांना म्हणा, घरभेटींना मी येतो. पिशवी तुम्ही धरा आणि तोंड बंद ठेवा.

मी ज्या वृद्ध पाळकांकडे उमेदवारी केली, त्यांची मयताच्या घरी जाण्याची रीत ठरलेली होती. दाराशी चपला काढायच्या. मृताच्या पायाशी थोडा वेळ उभे राहायचे. मग घरातली सर्वांत म्हातारी बाई जिथे बसली असेल तिच्याजवळ सतरंजीवर बसायचे. कुणी खुर्ची आणलीच तर ती दुसऱ्या म्हाताऱ्याला द्यायची. बऱ्याच वेळाने मोठ्या मुलाला बाहेर नेऊन हलक्या आवाजात विचारायचे: पुण्याची लेक किती वाजता पोहोचते? डॉक्टरांचा दाखला मिळाला का? पेटी कुठे सांगितली? कबर खणायला कोण गेले? भाऊबंदांपैकी जे ख्रिस्ती नाहीत त्यांना शेवटचे दर्शन कधी घेऊ द्यायचे? हे मार्गी लागले की प्रार्थना, तीही छोटी. बायबलातल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोवर ते मित्र होते, पुढे त्यांनी तोंड उघडले, असे ते पाळक घरी परतताना म्हणायचे.

सेमिनरीत याच गोष्टीचे शास्त्र शिकवतात. अमेरिकेत अँटन बॉइसेन नावाचे पाळक स्वतः मनोरुग्णालयात राहून आलेले होते. त्यांनी १९२५ मध्ये ईश्वरविज्ञानाचे विद्यार्थी वूस्टरच्या मनोरुग्णालयात नेले आणि सांगितले, पुस्तके वाचता तितक्याच काळजीने या माणसांना वाचा. तिथून क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन ही पद्धत वाढली. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात ती शिकवतात. तिची एक सवय तुम्ही आजच लावून घेऊ शकता. रुग्णाला भेटून आलात की झालेले संभाषण आठवून शब्दशः लिहायचे, तो काय म्हणाला, मी काय म्हणालो. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने लिहिले होते: "आजी म्हणाली, झोपच लागत नाही. मी म्हणालो, देवावर भरवसा ठेवा." एवढ्यावर भेट संपली होती. आम्ही दोघांनी ते पान पुन्हा पुन्हा वाचले. शेवटी तो स्वतःच म्हणाला, झोप का लागत नाही हे मी विचारलेच नाही. दुसऱ्या दिवशी तो परत गेला. आजीचा धाकटा मुलगा सुरतेला गेला होता, त्याचा फोन येत नव्हता. ते दोघे मिळून त्याचा पत्ता शोधायला लागले. त्या आठवड्याचे पान चार पाने झाले. असे लिहिताना रुग्णाचे नाव कधी लिहायचे नाही आणि वही कुणाच्या हाती पडू द्यायची नाही, हेही याच शिक्षणात येते. पाळकाच्या कानावर आलेले पाळकिणीच्याही कानावर जाता कामा नये.

आणि दफ्तर शिका. बाप्तिस्म्याची नोंदवही, दृढीकरणाची (मंडळीचा पूर्ण सभासद होण्याच्या विधीची), लग्नाची, दफनाची. लग्न १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लावले जाते. मंडळीत लग्नाची सूचना वाचणे, वयाचे दाखले तपासणे, साक्षीदारांच्या सह्या, सरकारकडे नोंद पाठवणे हे सगळे पाळकाच्या अंगावर असते. नावाचे एक अक्षर चुकले तर वीस वर्षांनी त्या जोडप्याच्या मुलाचा पासपोर्ट अडतो. हे काम तुम्हाला, बी.कॉम. झालेल्या माणसाला, इतरांहून चांगले जमेल, आणि मंडळीचा जमाखर्च वाचता येणारा पाळक ही तर मोठीच गरज आहे.

घरबसल्या कोर्सबद्दल. त्याला कमी लेखू नका. मुळात ही कल्पना १९६३ च्या सुमारास ग्वाटेमालातल्या एका प्रेस्बिटेरियन सेमिनरीत निघाली. राजधानीत शिकलेली तरुण मुले खेड्यात परतेनात, आणि खेड्यातले खरे पुढारी शेती व संसार सोडून राजधानीत येऊ शकेनात. तेव्हा शिक्षकच त्यांच्याकडे जाऊ लागले. आपल्याकडे बंगळुरूची टाफ्टी ही संस्था १९७१ पासून याच धर्तीवर शिकवते, आणि सेरामपूरचा बी.सी.एस. (बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज) हाही घरी राहून करण्याजोगा अभ्यासक्रम आहे. संडे स्कूल घेणारे, घरसभा चालवणारे, मंडळीतले वडील यांच्यासाठी तो उत्तम. तुमच्या उमेदवारीच्या वर्षात एखादी पायरी करून पाहा. पण पूर्ण वेळ पाळकासाठी आपल्या धर्मप्रांतांना साधारणपणे सेमिनरीत राहून केलेला अभ्यास लागतो, आणि तो नियम मला योग्य वाटतो. मिझो, तमिळ, उडिया मुलांबरोबर एका खोलीत राहणे, स्वयंपाकघरात पाळी लावणे, भांडणे आणि त्याच संध्याकाळी एकत्र प्रभुभोजन घेणे, याला घरी पर्याय नाही. पदवीनंतर आधी डीकन, म्हणजे साहाय्यक पाळक, म्हणून दीक्षा होते, काही काळ एखाद्या अनुभवी पाळकाच्या हाताखाली काम, मग प्रेझ्बिटर, म्हणजे पूर्ण पाळक. तुमच्या बहिणीनेही विचारले आहे असे तुम्ही लिहिले आहे: होय, आपल्या चर्चमध्ये स्त्रियांना ही दीक्षा मिळते. माझ्याकडे आलेल्यांत घरभेटींत सर्वांत पुढे मुलीच असत. (कॅथलिक पंथात वाट निराळी: फादर होण्यासाठी ब्रह्मचर्य, आधी तत्त्वज्ञान मग ईश्वरविज्ञान, आणि एकूण अभ्यास पुष्कळ लांबचा. वसईची बरीच मुले गोरेगावच्या सेंट पायस कॉलेजात जातात.)

आता खाणार काय. घरच्यांचा प्रश्न रास्त आहे, त्याला अविश्वास म्हणू नका. पगार धर्मप्रांतागणिक वेगळा आणि बहुतेक ठिकाणी थोडाच. राहायला घर मिळते, पण ते मंडळीचे. दर काही वर्षांनी बदली होते, मुलांच्या शाळा बदलतात, निवृत्तीच्या दिवशी घर रिकामे करावे लागते. म्हणून गावाकडे वडिलांची दोन खोल्यांची जागा असेल तर ती विकू नका. जिच्याशी लग्न कराल तिला हे सगळे बोलणी चालू असतानाच सांगा, नंतर नको. तिची नोकरी असेल तर ती सुटू नये अशी विनंती बिशपांना करायला संकोच करू नका, समजूतदार बिशप तेवढे बघतात. भविष्य निर्वाह निधी, आजारपणाचा विमा यांची चौकशी मुलाखतीतच करा. तुम्ही हिशेबाचे शिक्षण घेतलेले आहात, असे प्रश्न विचारल्याने तुमचे पाचारण कुणाला हलके वाटणार नाही. वाटले तर त्या समितीतल्या एखाद्या जुन्या पाळकाकडे बघा, तो मान हलवून तुम्हाला दुजोरा देत असेल.

नोकरी सध्या सोडू नका. शनिवार-रविवार आणि दोन संध्याकाळी मंडळीला द्या. बहुतेक प्रवेश जूनच्या सत्रासाठी असतात आणि कागदपत्रांची धावपळ त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. तेव्हा यंदाच्या नाताळापर्यंत घरभेटी, वही आणि दफ्तर. नाताळ आटोपला की पाळकसाहेबांसमोर बसा आणि शिफारशीचा विषय काढा. त्यांनी "अजून थांब" म्हटले तर कारण विचारा आणि थांबा. "हो" म्हटले तर बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरणाचा दाखला त्याच दिवशी मागून घ्या. जुन्या नोंदवह्या शोधायला वेळ लागतो.