वाचकांचे प्रश्न : सागरी अभियांत्रिकीच्या परीक्षा आणि उमेदवाराचे वर्तन

प्रश्न : माझी तोंडी परीक्षा सकाळच्या सत्रात झाली आणि त्याच परीक्षकांपुढे माझ्या मित्राची दुपारी होती. त्याने विचारले म्हणून मला आलेले प्रश्न मी त्याला फोनवर सांगितले. सूचनापत्रात याला मनाई आहे, पण जुन्या प्रश्नपत्रिका तर सगळेच सोडवतात. मग यात गैर ते काय?

उत्तर : जुनी प्रश्नपत्रिका परीक्षा संपल्यावर सर्वांच्या हाती येते आणि तिचा अभ्यास करण्यात काहीच वावगे नाही. तुमच्या परीक्षकांचे काम मात्र अजून चालू होते आणि तुम्ही दिलेली माहिती दुपारच्या इतर उमेदवारांकडे नव्हती, म्हणून ही मनाई आहे आणि ती रास्त आहे. मला अधिक काळजी वाटते ती तुमच्या मित्राची. समजा, मुख्य इंजिनाच्या ऑइल मिस्ट डिटेक्टरचा (इंजिनात तेलाचे धुके साचल्याचे ओळखणाऱ्या यंत्रणेचा) अलार्म वाजला तर काय कराल, असा प्रश्न आला. इंजिनाचा वेग कमी करायचा, ब्रिजला (जहाज चालवणाऱ्या कक्षाला) कळवायचे, क्रँककेसच्या (क्रँकशाफ्टभोवतीच्या बंद भागाच्या) रिलीफ व्हॉल्व्हच्या, म्हणजे आतला दाब बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या, बाजूची माणसे दूर हलवायची, ब्रिजची संमती मिळताच इंजिन थांबवायचे आणि ते पुरेसे थंड होईपर्यंत क्रँककेसचे दार उघडायचे नाही, हा क्रम फोनवर ऐकून मिनिटभरात पाठ होतो. दार का उघडायचे नाही, हे मात्र तापलेले बेअरिंग, तेलाची वाफ आणि दारातून आत शिरणारी हवा एकत्र आल्यावर काय घडते ते ज्याला समजले आहे, त्यालाच सांगता येते. सप्टेंबर १९४७ मध्ये ‘रेना देल पॅसिफिको’ या प्रवासी जहाजाच्या सागरी चाचणीत क्रँककेसमध्ये स्फोट होऊन २८ जणांचा जीव गेला. परीक्षक हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यामागे अशा दुर्घटना आहेत. पाठांतराच्या बळावर तुमचा मित्र उत्तीर्ण झाला, तर पुढे त्याच्या वॉचमध्ये (इंजिनरूमच्या पाळीत) खालच्या प्लॅटफॉर्मवर काम करणारा मोटरमन (इंजिनरूममधला कर्मचारी) त्याच्याच निर्णयावर विसंबून असेल. अभ्यासाचे विषय मित्राशी जरूर बोला, दोघे मिळून प्रश्न सोडवा. सत्र चालू असताना परीक्षेतले प्रश्न मात्र सांगू नका.

प्रश्न : लेखी परीक्षेत स्टीम टेबल्स (वाफेच्या गुणधर्मांचे छापील तक्ते) नेण्याची मुभा आहे. माझ्या प्रतीच्या समासात अभ्यास करताना पेन्सिलीने लिहिलेली काही सूत्रे आहेत. कॉपी करण्याचा हेतू नसेल तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. पर्यवेक्षकाला तुमचा हेतू दिसत नाही, समासातले लिखाण दिसते. कोरी प्रत न्या, किंवा आदल्या दिवशी प्रत्येक पान उलटून सारे खोडा. मुखपृष्ठाच्या आतली बाजूही तपासा, कारण नेमके तिथले लिखाण नजरेतून सुटते. कॅल्क्युलेटर कोणत्या प्रकारचा चालतो तेही सूचनापत्रातच पाहा. मोबाइल बंद करून खिशात ठेवणे पुरेसे समजू नका. तो सांगितलेल्या जागी जमा करा.

प्रश्न : माझी सी-सर्व्हिस (जहाजावरच्या सेवेची मुदत) काही आठवड्यांनी कमी पडते. जहाजावरचे ओळखीचे चीफ इंजिनिअर थोडी जास्त मुदत लिहून सही करायला तयार आहेत. परीक्षेतली उत्तरे मी स्वतःच लिहिणार आहे, मग यात परीक्षेची फसवणूक कशी?

उत्तर : उमेदवाराचे वर्तन हॉलच्या दारापासून मोजले जात नाही, अर्जाच्या पहिल्या कागदापासून मोजले जाते. १९७८ च्या एसटीसीडब्ल्यू या, जहाजावरील कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण व प्रमाणपत्रांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार वॉचकीपिंग अभियंत्याच्या प्रमाणपत्रासाठी किमान सहा महिने चीफ इंजिनिअर किंवा पात्र अभियंता अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली इंजिनरूमचा वॉच केलेला असावा लागतो. स्टँडबायच्या वेळी (बंदरात शिरताना किंवा निघताना इंजिन सज्ज ठेवतात तेव्हा) जनरेटर लोडवर घेणे, प्युरिफायर (तेल शुद्ध करणारे यंत्र) बिघडल्यावर तो सुटा करणे, वॉच सोपवताना काय सांगायचे ते जाणणे, हे पुस्तकातून येत नाही. म्हणूनच परीक्षेच्या जोडीला ही अट आहे. लेखी परीक्षा तुमचे ज्ञान पाहते आणि सी-सर्व्हिसचा दाखला तुमचा अनुभव. दुसरा खोटा असेल तर पहिल्याच्या गुणांनी ती उणीव भरून निघत नाही. कायद्याच्या अंगानेही हे साधे प्रकरण नाही. त्याच करारानुसार सदस्य देशांना प्रमाणपत्रांची नोंदवही ठेवावी लागते, पडताळणीची विचारणा झाल्यास माहिती द्यावी लागते आणि गैरप्रकारांसाठी दंडाची तरतूद करावी लागते. साइन-ऑन आणि साइन-ऑफच्या, म्हणजे जहाजावर रुजू होण्याच्या आणि उतरण्याच्या, तारखा कंपनीकडे आणि तुमच्या सीमन बुकातही (जहाजावरच्या सेवेच्या नोंदीच्या पुस्तकात) असतात. सही करणाऱ्या चीफ इंजिनिअरांना तर तुम्ही त्यांचे स्वतःचे प्रमाणपत्रच पणाला लावायला सांगत आहात. त्यांना आदराने नकार कळवा, जहाजावरच्या पुढच्या नोकरीत उरलेली मुदत पूर्ण करा आणि मगच अर्ज भरा. परीक्षा एका सत्राने लांबेल, हे मी जाणतो आणि घरची ओढाताणही समजू शकतो, पण माझा सल्ला बदलणार नाही.

प्रश्न : तोंडी परीक्षेत उत्तर येत नसेल तर अंदाजाने काहीतरी सांगावे, की गप्प राहावे?

उत्तर : दोन्ही नको. ‘सर, मला हे ठाऊक नाही; जहाजावर असतो तर मेकरचे मॅन्युअल पाहिले असते आणि सेकंड इंजिनिअरना कळवले असते’, असे स्पष्ट सांगणारा उमेदवार माझ्या मते अंदाज ठोकणाऱ्यापेक्षा कितीतरी भरवशाचा असतो. काही मूलभूत सुरक्षेच्या प्रश्नांना मात्र ‘ठाऊक नाही’ हे उत्तर चालत नाही, जसे की बंदिस्त टाकीत उतरण्यापूर्वी ऑक्सिजन तपासणे. परीक्षकांशी मतभेद झाला तर आपले कारण एकदा शांतपणे मांडा. निकाल चुकीचा वाटल्यास ठरलेल्या मुदतीत लेखी अर्ज करा. परीक्षकांना घरी फोन करणे किंवा कुणाची शिफारस नेणे हाही नियमभंगच आहे, आणि त्यामुळे तुमची रास्त तक्रारसुद्धा संशयास्पद ठरते.