लाल, निळसर, हिरवट: कोरलाइनच्या रंगांबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी रीफ टँकवरचे (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टँकवरचे) बहुतेक प्रश्न नेहमीच्या जांभळ्या-गुलाबी कोरलाइन शैवालापलीकडच्या रंगांचे आहेत. कोरलाइन म्हणजे खडकावर आणि काचेवर चुन्याचा कडक थर धरणारं लाल शैवाल. त्यातले निवडक इथे घेतले आहेत.

प्रश्न: काचेवर नेहमीचं जांभळं कोरलाइन आहे, पण खडकाच्या खालच्या बाजूला गडद लाल आणि एका भेगेत चक्क नारिंगी थर दिसतो. दोन्ही कोरलाइनच समजायचे का?

उत्तर: लाल बहुधा आहे, नारिंगी बहुधा नाही. पण नुसत्या रंगावर विसंबू नका, थराच्या कडेला नखाने घासून पाहा. कोरलाइन दगडासारखं कडक असतं. नख सरकतं, थर हलत नाही. नारिंगी थर नखाखाली दबला आणि भिंगातून त्यावर बारीक छिद्रं दिसली, तर तो स्पंज आहे. तो पाणी गाळतो, त्याला तिथेच राहू द्या.

लाल थराच्या बाबतीत दोन गोष्टी हमखास फसवतात. पहिली पेसोनेलिया. हेही लाल शैवालच, पण कोरलाइन नव्हे. त्याचे मरून रंगाचे पापुद्रे एकमेकांवर चढतात, कडा खडकापासून किंचित सुटलेल्या असतात आणि कडेखाली नख घातलं की तुकडा उचलला जातो. त्याच्या काही जाती टँकमध्ये वेगाने पसरून प्रवाळावर चढतात, म्हणून ओळख पटताच खरवडून काढलेलं बरं. दुसरी होमोट्रेमा. हा एकपेशीय जीव आहे. काही मिलिमीटरच्या खडबडीत लाल गाठी खडकाच्या खालच्या बाजूला सुट्या-सुट्या दिसतात, त्यांचा सलग थर होत नाही. त्या निरुपद्रवी आहेत.

व्हिनेगरच्या थेंबाने बुडबुडे आले की कोरलाइन, असं सर्रास सांगितलं जातं. या चाचणीतून फक्त चुना आहे एवढंच कळतं. लाइव्ह रॉक, म्हणजे टँकमधला जिवाणू-शैवालांनी वसलेला खडक, स्वतःच चुन्याचा असतो आणि पेसोनेलियाच्या बऱ्याच जातींतही चुना असतो. चाचणी करायचीच तर काचेवरून खरवडलेली कपची टँकबाहेर घेऊन करा आणि नखाच्या तपासणीशी जोडून वाचा.

प्रश्न: खडकाच्या सावलीत रंग इतका गडद आणि वर उजेडात फिका गुलाबी, असं का?

उत्तर: कोरलाइनमध्ये हरितद्रव्याबरोबर फायकोएरिथ्रिन हे लाल आणि फायकोसायनिन हे निळं रंगद्रव्य असतं. फायकोएरिथ्रिन निळसर-हिरवा आणि हिरवा प्रकाश टिपतं, म्हणजे खोल पाण्यात जो उरतो तोच. उजेड कमी तितकं शैवाल हे द्रव्य जास्त बनवतं आणि रंग गडद होतो. भरपूर उजेडात त्याला इतक्या द्रव्याची गरज नसते. बहामाजमधल्या सॅन साल्व्हाडोर बेटाजवळ 1984 साली पाणबुडीतून 268 मीटर खोलीवर कवचासारखं वाढणारं कोरलाइन सापडलं होतं. तिथे पृष्ठभागावरच्या उजेडाचा नाममात्र अंश पोचतो.

यात जातीचाही भाग आहे. एका टँकमध्ये चार-पाच जाती सहज असतात आणि प्रत्येकीची छटा वेगळी. सावलीतली लाल जात उजेडात आणली म्हणून ती जांभळी होणार नाही, बहुतेक वेळा ती पांढरी पडते.

प्रश्न: रात्रीच्या निळ्या दिव्यांत माझं कोरलाइन नारिंगी चमकतं. हा दुर्मीळ प्रकार आहे का?

उत्तर: नाही. फायकोएरिथ्रिन निळा-हिरवा प्रकाश शोषून नारिंगी प्रकाश बाहेर टाकतं, म्हणून साधं जांभळं कोरलाइनही असं चमकू शकतं. खरा रंग पाहायचा तर 6500 केल्व्हिनच्या आसपासच्या पांढऱ्या दिव्यात पाहा. फोटोही त्याच उजेडात काढा. निळ्या एलईडीखाली मोबाइल जांभळ्याचा निळा करून टाकतो, आणि ‘निळं कोरलाइन’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या फोटोंपैकी बरेचसे असेच निघालेले असतात. पांढऱ्या दिव्यातही फिकट निळसर दिसणाऱ्या जाती आहेत, पण त्यांची छटा राखाडीकडे झुकलेली असते.

प्रश्न: महिन्याभरात जांभळा रंग फिका, पिवळट-हिरवा झाला. मध्ये पांढरे डागही आहेत. कॅल्शियम 430, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शोषण्याची क्षमता, एकक डीकेएच) 8.5 डीकेएच, मॅग्नेशियम 1320, नायट्रेट आणि फॉस्फेट शून्य. काय चुकतंय?

उत्तर: तुमच्या आकड्यांतले शेवटचे दोन आधी सुधारा. फायकोएरिथ्रिन हे प्रथिन आहे आणि लाल शैवालांसाठी तो नायट्रोजनचा साठाही असतो. पाण्यात नायट्रोजन मिळेनासा झाला की शैवाल हा साठा मोडून वापरतं. लाल-जांभळा रंग उतरतो आणि खालचं हिरवं हरितद्रव्य व पिवळट द्रव्यं दिसू लागतात. सगळा थर सारखाच फिका होत असेल, तर हेच कारण धरून चाला. माशांचं खाणं थोडं वाढवा, स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) दिवसातले काही तास बंद ठेवा, फॉस्फेट शोषणारं माध्यम काढून टाका. नायट्रेट 2 ते 10 आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 मिलिग्रॅम प्रति लिटर एवढं पुरे. फॉस्फेट त्याच्या फार वर नेऊ नका, कारण ते चुन्याचे स्फटिक तयार होण्यातच अडथळा आणतं.

पांढऱ्या डागांचं मात्र वेगळं पाहावं लागेल. डाग कुठे आहेत आणि कसे आहेत, ते भिंगातून नीट बघा. थराच्या अगदी बाहेरच्या काठाला सलग, गुळगुळीत, एखाद्या मिलिमीटरची फिकी किनार असेल तर ती नवी वाढ आहे, काळजी नको. रंगीत थरावर बारीक ओरखड्यांची नक्षी असेल आणि टँकमध्ये समुद्री साळ (सी अर्चिन) किंवा कायटन (खडकाला चिकटून राहणारा कवचधारी जीव) असेल, तर त्यांनी थर खाल्ला आहे. उजेडाकडच्या बाजूलाच पांढरेपणा असेल, तर दिवे एकदम वाढवले गेले का ते आठवा. तीव्रता आठवड्याला 5 ते 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये. पाणी बदलताना खडक उघडा पडून वाळला, तरी वरचा भाग असाच पांढरा होतो.

मधोमध पांढरा पडलेला आणि काही दिवसांनी गवती हिरवा झालेला डाग म्हणजे हिरवं कोरलाइन नव्हे. मेलेल्या चुन्यात ऑस्ट्रिओबियम नावाचं हिरवं शैवाल वाढतं, किंवा वर साधी हिरवी साय धरते. साय ब्रशने निघते, ऑस्ट्रिओबियम निघत नाही, कारण ते आत असतं.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. भडक नारिंगी रेघ पुढे सरकते आहे आणि मागे पांढरा चुना उरतो आहे, असं दिसलं तर तो रोग असू शकतो. पॅसिफिकमधल्या कुक बेटांवर 1993 मध्ये असा जिवाणूजन्य रोग पहिल्यांदा नोंदवला गेला. असा तुकडा त्याच दिवशी टँकबाहेर काढा.

प्रश्न: एका छोट्या खडकावर सुंदर गडद लाल कोरलाइन आलं आहे, पण जांभळं त्याला गिळत चाललंय. लाल टिकवायचं कसं?

उत्तर: जांभळ्या जातीची कड जाड असते, ती पातळ लाल थरावर चढते आणि खालच्याचा उजेड तोडते. दोघांना वेगळं ठेवणं हाच उपाय. छिन्नीने लाल थर खालच्या 2-3 मिलिमीटर खडकासह कापा. नुसता थर खरवडला तर त्याचा चुरा होतो. काम टँकचंच पाणी भरलेल्या भांड्यात करा. तुकड्याची खालची बाजू टिपून कोरडी करा, जेल सुपरग्लूने फ्रॅग प्लगवर (प्रवाळाचे तुकडे चिकटवायच्या छोट्या बैठकीवर) चिकटवा आणि लगेच पाण्यात सोडा. जागा सावलीची निवडा, पण मध्यम प्रवाह हवा, नाहीतर वर गाळ साचून थर मरतो. प्लगभोवती बोटभर वाळू मोकळी ठेवा आणि प्लगवर जांभळा ठिपका दिसला की तो टूथब्रशने नव्हे, ब्लेडच्या टोकाने काढा. गोगलगाई चालतील, समुद्री साळ नको.

कड महिन्याला एखादा मिलिमीटर सरकली तरी उत्तम समजा. सावलीतल्या जातींना घाई मानवत नाही.

प्रश्न: रंग खुलावा म्हणून कॅल्शियम किती वाढवावं?

उत्तर: रंगासाठी वाढवू नका. कॅल्शियमने थर वाढतो, छटा बदलत नाही. कॅल्शियम 400 ते 450, मॅग्नेशियम 1250 ते 1350 मिलिग्रॅम प्रति लिटर, अल्कलिनिटी 8 ते 9 डीकेएच आणि क्षारता 35, यात स्थिरता ठेवा. कमी पडलं तर निव्वळ पाण्याच्या 100 लिटरमागे हिशेब असा: 3 ग्रॅम खायच्या सोड्याने अल्कलिनिटी 1 डीकेएच वाढते, 3.7 ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेटने कॅल्शियम 10 मिलिग्रॅम प्रति लिटर वाढतं. मॅग्नेशियम 50 ने वाढवायला 42 ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट लागतं. लिटर मोजताना खडक आणि वाळूची जागा वजा करा. अल्कलिनिटी दिवसाला 1 डीकेएचपेक्षा जास्त हलवू नका. सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड एकाच भांड्यात कधीच कालवू नका, पांढरा साका तळाशी बसतो आणि दोन्ही वाया जातात.

अल्कलिनिटी 12 च्या वर गेली की चुना शैवालाआधी हीटरवर आणि पंपाच्या रोटरवर बसायला लागतो.

प्रश्न: पावरहेडवर (टँकमध्ये प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपावर) साचलेला थर कसा काढावा?

उत्तर: विजेचा प्लग काढून पावरहेड सुटा करा. 1 लिटर पाण्यात सुमारे 50 ग्रॅम सायट्रिक अॅसिड विरघळवून त्यात तासभर बुडवा, मऊ ब्रशने घासा, गोड्या पाण्याने दोनदा धुवा. रोटरचं चुंबक तडकलेलं दिसलं तर तो रोटर परत वापरू नका, गंजून धातू पाण्यात उतरतो. काचेसाठी पोलादी ब्लेड, अॅक्रिलिकसाठी फक्त प्लॅस्टिकची पट्टी, तीही वाळूचा कण अडकलेला नाही ना हे बघून.