परार्ध: एकावर सतरा शून्यं, अठरा नव्हे

निपाणीहून प्रश्न आला आहे: पूजेच्या संकल्पातलं ‘द्वितीये परार्धे’ आणि गणितातलं परार्ध एकच का? आणि ‘पराकोटी’ त्याच घरातला का?

आधी ती अठरा शून्यं थांबवा. बेळगावात व्याख्यान असो की पाठांतर स्पर्धा, ‘परार्ध म्हणजे एकावर अठरा शून्यं’ हे ऐकून कान किटले. भास्कराचार्यांच्या लीलावती या गणितग्रंथात (११५०) एक, दश, शत इथपासून परार्धापर्यंत नावं अठरा आहेत, पण पहिल्या ‘एक’ला शून्यच नाही. नाव कितवं ते मोजायचं आणि एक वजा करायचा. परार्ध अठरावं, म्हणून शून्यं सतरा.

संकल्पातलं परार्ध वेगळं. ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा, रात्र तेवढीच, मिळून ८६४ कोटी. अशा ३६० अहोरात्रांचं एक वर्ष, तशी शंभर वर्षं आयुष्य. त्याचं अर्ध, म्हणजे संकल्पातलं, पुराणातलं परार्ध, १,५५,५२,००० कोटी वर्षं. लीलावतीचं परार्ध याच्या सुमारे ६४३ पट मोठं.

पण अवयव पाडून बघा. दहाच्या सतराव्या घातात फक्त २ आणि ५, प्रत्येकी सतरा वेळा; म्हणून विभाजक १८ × १८ = ३२४. पुराणातल्या लहान परार्धात २ सोळा वेळा, ३ पाच वेळा, ५ दहा वेळा; विभाजक १७ × ६ × ११ = ११२२! सगळी करामत त्या तीनची. बारा महिने, सत्तावीस नक्षत्रं, ३६० दिवस, कशानेही याला निःशेष भाग जातो. लीलावतीच्या परार्धाला १२ ने भागलं तर बाकी ४, २७ ने १९, ३६० ने २८०. एक संख्या कालगणनेसाठी घडवलेली, दुसरी स्थानांच्या नावांसाठी.

आता शब्द. ‘पर म्हणजे ब्रह्मदेवाचं आयुष्य, त्याचं अर्ध’ एवढं लिहून कोशकार मोकळे होतात. मला हे साफ अमान्य आहे. शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत यज्ञातल्या विटा मोजताना हा शब्द येतो, तिथे ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा विषयच नाही, आणि किंमत आहे एकावर बारा शून्यं. त्या यादीची शेवटची चार नावं ओळीने म्हणून बघा: समुद्र, मध्य, अन्त, परार्ध. ‘अर्ध’चा एक जुना अर्थ बाजू, परार्ध म्हणजे पलीकडची बाजू. समुद्र लागला, मधोमध आलो, पाणी संपलं, पैलतीर! निम्म्याचा अर्थ त्यावर नंतर बसवला, असं माझं ठाम मत आहे. लीलावतीत हे चित्र विस्कटतं: जलधि, मग अन्त्य, मग मध्य. काठ आधी आणि मधोमध नंतर कसं येईल?

आपल्याकडे सत्यनारायण मराठी भटजींनी सांगितला काय किंवा कानडी आचार्यांनी काय, ‘द्वितीये परार्धे’नंतर थोड्या वेळाने ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’ येतंच. एकाच संकल्पात दोन तीरं आहेत, पुढच्या वेळी कान देऊन ऐका.

हो, पराकोटी. त्यातला ‘कोटी’ शंभर लाखांचा नव्हे, तो धनुष्याचं टोक. पराकोटी म्हणजे अगदी शेवटचं टोक.