पॉइंटांचा मिक्सर की सिंगापूर?

प्रश्न : माझ्या क्रेडिट कार्डावर ६२,००० पॉइंट साठलेत. लेक सिंगापूरला असते, डिसेंबरात आम्हा दोघांना जायचंय. ह्यांचं म्हणणं, बँकेच्या कॅटलॉगमधला मिक्सर घेऊन मोकळी हो. मैत्रीण म्हणते, पॉइंटांचे माइल्स, म्हणजे विमान कंपनीचे पॉइंट, करून घे आणि आणखी एक ट्रॅव्हल कार्ड काढ. काय करू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, मिक्सर दुकानातून पैसे देऊन घ्या. तुम्ही पाठवलेल्या कॅटलॉगात तो २०,००० पॉइंटांना आहे. बाजारात पाच हजारांना मिळतो. म्हणजे पॉइंट गेला पंचवीस पैशांना. तुमच्याच बँकेच्या ट्रॅव्हल पोर्टलवर, विमानाच्या तिकिटासाठी, तोच पॉइंट पन्नास पैशांना धरतात.

माइल्सचं गणित मात्र सीझनवर फिरतं. मी गेली कित्येक वर्षं लोकांची तिकिटं काढतेय, ‘माइल्सवर फुकट’ म्हणणाऱ्याला आधी विचारते, टॅक्स किती भरलास? तो पैशांतच भरावा लागतो. समजा, एका बाजूच्या सीटला २०,००० माइल्स आणि वर ४,००० रुपये टॅक्स आहे. ऑगस्टात तेच तिकीट १४,००० ला मिळत असेल, तर तुमचे वाचले दहा हजार; माइलला पन्नास पैसे. तुमच्या बँकेत दोन पॉइंटांचा एक माइल होतो, म्हणजे पॉइंटला पुन्हा पंचवीसच पैसे. मिक्सरचाच भाव! नाताळात भाडं ३०,००० वर गेलं की मात्र पॉइंटला पासष्ट पैसे सुटतात.

तुमच्या ६२,००० पॉइंटांचे माइल्स होतात ३१,०००, तेव्हा दोन्ही तिकिटं माइल्सवर निघणार नाहीत, तो नाद सोडा. ज्या बाजूचं भाडं चढलेलं असेल, तिथली एक सीट माइल्सवर बघा. त्यात ४०,००० पॉइंट जातील. उरलेले २२,००० पोर्टलवर वापरले की दुसऱ्या तिकिटात अकरा हजार कमी.

पण आधी सीट दिसू दे, मगच पॉइंट वळवा. विमान कंपनीकडे गेलेले पॉइंट बँकेत परत येत नाहीत आणि डिसेंबरातल्या माइल्सच्या सीटा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात. शिवाय माइल्सना मुदत असते. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या माइल्स योजनेत ती तीन वर्षांची आहे. नुसते साठवून त्यांना व्याज लागत नाही.

आपल्याकडच्या बायकांची हमखास अडचण नावाची. पासपोर्टवर नवऱ्याच्या नावासकट, कार्डावर नुसतं नाव-आडनाव, एखादीच्या जुन्या खात्यावर माहेरचं आडनाव. कार्डावरचं आणि माइल्सच्या खात्यावरचं नाव जुळलं नाही, तर पॉइंट वळवताना अडकतं. तिकिटावर मात्र पासपोर्टवरचंच नाव लागतं. हे आत्ताच बघून ठेवा. मिस्टरांसाठी तुमच्या क्रिसफ्लायरमधून तिकीट काढायचं तर त्यांना नॉमिनी (इथे वारस नव्हे, तर तुमच्या माइल्सवर प्रवास करू शकणारी व्यक्ती) म्हणून जोडावं लागतं. असे पाच जण जोडता येतात.

नवीन कार्ड? वार्षिक फी अधिक १८ टक्के जीएसटी, आणि ती वसूल करायला खर्च वाढवायचा. माझं मत, नको. आहे त्या कार्डावर तुम्हाला १५० रुपयांना चार पॉइंट मिळतात, म्हणजे पन्नास पैशांच्या भावाने दोन रुपये, जेमतेम १.३३ टक्के. सराफाने ‘कार्डाला दोन टक्के जादा’ म्हटलं की तिथे पॉइंट मिळवणं हा आतबट्ट्याचा व्यवहार. आणि बिल पूर्ण न भरता ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलावरची किमान रक्कम, भरली, तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, त्यावर पुन्हा जीएसटी. त्यापुढे पॉइंट काय पुरणार!

सिंगापुरात हे कार्ड जपून वापरा. परदेशी चलनातल्या खर्चावर बँक लावते तो मार्कअप, म्हणजे जादा आकार, बहुतेक कार्डांवर साडेतीन टक्के, जीएसटी धरून ४.१३, लाखाच्या खरेदीवर ४,१३० रुपये. दुकानातल्या मशिनवर ‘रुपये की डॉलर’ विचारलं तर डॉलरच निवडा. रुपये निवडले की दुकानाकडचा महागडा दर लागतो, आणि बऱ्याच बँका त्यावरही वेगळा आकार लावतात.